तेरा वर्षांच्या पैलवानाचे मनगट

पलूस तालुक्यातील एका आईचे पत्र थोडक्यात असे आहे: ‘माझा मुलगा १३ वर्षांचा असून तीन वर्षांपासून तालमीत जातो. बारा-तेरा दिवसांपूर्वी सरावात जोडीदाराने पट काढला, तेव्हा तो उजवा तळहात टेकून पडला आणि मनगट सुजले. त्याच संध्याकाळी एक्स-रे काढला. “फ्रॅक्चर नाही, मुरगळले आहे” असे सांगून गोळ्या आणि क्रेप बँडेज दिले. वस्तादांनी दोन दिवस तेल लावून मालीश केले, तेव्हा मुलगा कळवळला. सूज उतरली, पण अजून त्याला पाण्याची बादली उचलता येत नाही. काल सांगलीला दुसऱ्या डॉक्टरांना दाखवले. त्यांनी पुन्हा एक्स-रे काढला, वाढीच्या पट्टीला मार असल्याचे सांगून तीन आठवड्यांचे प्लास्टर घातले आणि वर्षभर अधूनमधून दाखवायला बोलावले आहे. पुढच्या महिन्यात शालेय कुस्ती स्पर्धा आहे. वजन गटासाठी तो महिनाभर रात्रीचे जेवण टाळत होता. त्याचे वडील म्हणतात, पहिल्या एक्स-रेत काही नव्हते, तर आता कुठून आले? प्लास्टर काढून शेजारच्या गावी हाड बसवणाऱ्याकडे न्यावे, असेही घरात बोलले जाते. हात आखूड राहील का? कुस्ती सुटेल का? कोणाचे ऐकावे? धाकटी मुलगी १० वर्षांची आहे, खो-खो खेळते, तिची टाच सरावानंतर दुखते. तिलाही हेच झाले असेल का?’

ताई, निकडीचे आधी लिहितो. प्लास्टर काढू नका, मुलाला हाड बसवणाऱ्याकडे नेऊ नका आणि पुढच्या महिन्यातील स्पर्धेत त्याला उतरवू नका. या तिन्ही बाबतींत माझे मत ठाम आहे. त्यामागची कारणे पुढे सविस्तर देतो, कारण हा निर्णय तुम्हाला एकटीला पटून भागणार नाही. तो घरातील सर्वांना आणि वस्तादांनाही पटायला हवा. तुमच्या मनातील मोठ्या भीतीचे उत्तरही आताच देतो. मनगटापाशी झालेली ही दुखापत ओळखली गेली आणि हाताला पुरेशी विश्रांती मिळाली, तर बहुसंख्य मुलांचा हात पूर्ण लांबीचा आणि पूर्ण ताकदीचा होतो. तुम्ही लिहिले आहे त्यावरून कुस्ती सुटावी असे काही मला दिसत नाही. अर्थात मी मुलाला तपासलेले नाही आणि फिल्मही पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे तपशिलाच्या बाबतीत उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा शब्द माझ्या शब्दापेक्षा वरचा मानावा.

पहिल्या एक्स-रेत काही नव्हते, तर आता कुठून आले, हा तुमच्या यजमानांचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि या दुखापतीचे सारे मर्म त्याच प्रश्नात आहे. वाढत्या मुलाच्या लांब हाडाला टोकांजवळ कूर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा, एक पातळ थर असतो आणि हाडाची लांबी त्या थरातूनच वाढते. डॉक्टर त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. आपण वाढीची पट्टी म्हणू. तुम्ही पलूस भागात राहता, म्हणजे ऊस रोज डोळ्यांसमोर असणार. उसाची कांडी मधून ताणून लांबत नाही. डोळा असतो त्या गाठीलगत एक कोवळे कडे असते, तिथून ती लांबते. हाडाचेही तसेच आहे. मधला दांडा टणक असतो आणि वाढ टोकाजवळच्या कोवळ्या थरात चाललेली असते. त्या थरातील पेशी एकावर एक रचलेल्या नाण्यांसारख्या उभ्या रांगांत असतात. सांध्याकडच्या बाजूला त्यांची संख्या वाढते, मग त्या फुगतात आणि दांड्याकडच्या बाजूला त्यांच्याभोवती कॅल्शियम साठून तिथे हाड तयार होते. फुगलेल्या पेशींचा थर सर्वांत नाजूक असतो आणि मार बसला की पट्टी बहुधा तिथे उकलते.

एक्स-रेवर पांढरे उमटते ते हाडातील कॅल्शियममुळे. कूर्चेत ते नसल्याने वाढीची पट्टी फिल्मवर नुसती काळी रेघ दिसते. पट्टी जागच्या जागी उकलली असेल आणि हाड सरकलेले नसेल, तर पहिल्या दिवसाची फिल्म निर्दोष दिसू शकते. साधारण १० ते १४ दिवसांनी हाडावरील आवरणाखाली नवे हाड धरू लागते आणि त्याची पुसट रेघ फिल्मवर उमटते. दुसऱ्या डॉक्टरांना बहुधा हेच दिसले असावे. म्हणजे पहिली फिल्म खोटी नव्हती आणि दुसरीही खोटी नाही. पहिल्या ठिकाणी काही राहून गेले असेल, तर ते बोटाने चाचपून पाहण्यात राहून गेले. मनगटाच्या सांध्यापासून सुमारे बोटभर वर, अंगठ्याच्या बाजूच्या हाडावर, नेमक्या पट्टीच्या जागी दाबल्यावर मूल हात मागे घेत असेल, तर फिल्म कितीही स्वच्छ असली तरी पट्टीला मार आहे असे धरून हात स्थिर ठेवणे आणि दहा-बारा दिवसांनी पुन्हा पाहणे, हाच सुरक्षित मार्ग असतो.

‘मुरगळले’ हा शब्द आपण फार सहज वापरतो. मोठ्या माणसाचा हात किंवा पाय वेडावाकडा वळला, की सांधा धरून ठेवणारे अस्थिबंध ताणले जातात किंवा तुटतात आणि हाड शाबूत राहते. त्याला मुरगळणे म्हणणे योग्यच आहे. वाढत्या मुलात मात्र अस्थिबंध या पट्टीपेक्षा बळकट असतात, म्हणून तोच झटका बसला की बंध टिकतात आणि पट्टी सुटते. मुलांच्या एकूण फ्रॅक्चरपैकी १५ ते ३० टक्के फ्रॅक्चर वाढीच्या पट्टीशी संबंधित असतात, इतकी ही नेहमीची गोष्ट आहे. सर्वसाधारणपणे मुलींच्या पट्ट्या १३ ते १५ आणि मुलांच्या १५ ते १७ या वयात हाडात मिसळून बंद होतात. मनगटाची पट्टी त्यातही उशिरा बंद होते. तोपर्यंत मूल पडले, सांध्याजवळ सुजले आणि बोटाने दाबता दुखले, तर मुरगळणे हे निदान सर्वांत शेवटी करावे, पहिले करू नये. उंची झपाट्याने वाढते त्या दीड-दोन वर्षांत तर ही पट्टी विशेष नाजूक असते, आणि तुमचा मुलगा नेमका त्याच वयात आहे.

वस्तादांना ही पट्टी दुसऱ्या कारणाने माहीत असेल. वयोगटाच्या स्पर्धांमध्ये खेळाडूचे खरे वय तपासायला मनगटाचा एक्स-रे काढतात. बीसीसीआय १६ वर्षांखालील क्रिकेटपटूंच्या बाबतीत हीच पद्धत वापरते. त्या फिल्ममध्ये तज्ज्ञ मनगट आणि बोटांची हाडे कुठवर आकाराला आली आहेत आणि त्यांच्या वाढीच्या पट्ट्या कितपत उघड्या आहेत, हे पाहतात. वय सांगणारी तीच रेघ आज तुमच्या मुलाच्या हातात दुखावली आहे, असे वस्तादांना सांगितले तर त्यांना चटकन उमगेल.

मी इतक्या आग्रहाने लिहितो त्याला कारण आहे. शिकाऊ डॉक्टर असताना एका ११ वर्षांच्या मुलाचा घोटा मी पाहिला होता. झाडावरून उडी मारताना पाय आत वळला होता, फिल्म मला स्वच्छ वाटली आणि मी त्याला चिकटपट्टी बांधून घरी पाठवले. पुन्हा कधी दाखवायचे, हे मी सांगितले नाही. दहा-अकरा महिन्यांनी त्याचे आजोबा त्याला घेऊन आले, कारण चप्पल एकाच कडेने झिजत होती. घोट्याच्या आतल्या बाजूची पट्टी चिरडली जाऊन तिथे वाढ थांबली होती, बाहेरची बाजू वाढत राहिली होती आणि पाऊल आतल्या बाजूला कलले होते. त्याला शस्त्रक्रिया करावी लागली. पहिल्याच दिवशी मी सहा महिन्यांनंतरची एक तारीख लिहून दिली असती, तर ते खूप आधी लक्षात आले असते. त्या मुलाचा चेहरा मला आजही आठवतो, आणि तुमच्या डॉक्टरांनी वर्षभर बोलावले आहे हे वाचून मला मनापासून बरे वाटले ते त्यामुळेच.

पट्टीच्या दुखापती सारख्या नसतात. कॅनडातील टोरांटोचे सॉल्टर आणि हॅरिस या दोन शल्यचिकित्सकांनी १९६३ मध्ये त्यांचे पाच प्रकार मांडले आणि जगभर आजही तेच वापरतात. पहिल्या प्रकारात पट्टी सरळ उकलते. दुसऱ्यात तिच्याबरोबर दांड्याकडचा एक टवका निघतो. सर्वाधिक आढळणारा प्रकार हाच. तिसऱ्या आणि चौथ्या प्रकारांत चीर थेट सांध्यात उतरते, आणि तिथे तुकडे तंतोतंत जुळवावे लागत असल्याने बऱ्याचदा शस्त्रक्रिया लागते. पाचव्यात पट्टी दाबून चिरडली जाते; हा प्रकार दुर्मीळ आहे, पण सुरुवातीला दिसत नाही आणि वाढ बिघडल्यावरच कळतो. तुम्ही सांगितलेल्या हकिगतीवरून मुलाची दुखापत पहिल्या किंवा दुसऱ्या प्रकारातील आणि न सरकलेली वाटते. पुढच्या भेटीत डॉक्टरांना प्रकार विचारून घ्या आणि कागदावर लिहून मागा.

प्रकाराइतकीच जागाही महत्त्वाची असते. गुडघ्याच्या वरची, मांडीच्या हाडाची पट्टी सर्वांत धोक्याची. त्या हाडाच्या वाढीपैकी सुमारे ७० टक्के वाढ तिथून होते आणि ती मोडली तर निम्म्याच्या आसपास मुलांत पुढे वाढीत काही ना काही दोष राहतो. मनगटाची गोष्ट पुष्कळ दिलाशाची आहे. अंगठ्याच्या बाजूच्या हाडाची तीन-चतुर्थांशाहून अधिक वाढ मनगटाजवळच्या पट्टीतून होत असली, तरी तिथल्या साध्या दुखापतीनंतर वाढ थांबण्याचा प्रसंग फार थोड्या मुलांवर येतो, आणि हाड थोडे सरकलेले असले तरी उरलेल्या वर्षांत ते बरेचसे आपोआप सरळ होते. मात्र त्या थोड्या मुलांत आपले मूल असेल की नाही, हे आज कोणालाच सांगता येत नाही. म्हणून पुढच्या तपासण्या.

आता हाड बसवणाऱ्याबद्दल. तालमीतील मालीश आणि अंग रगडण्याची विद्या मी कमी लेखत नाही. आखडलेल्या स्नायूंना तिने आराम पडतो, हे मी स्वतः पाहिले आहे. पण दुखावलेल्या पट्टीवर रगडणे आणि ओढणे या दोन्ही गोष्टी घातक आहेत. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टरसुद्धा या बाबतीत किती सावध असतात ते सांगतो. पट्टीपाशी सरकलेले मनगट पहिल्या काही दिवसांत भूल देऊन हलक्या हाताने बसवतात. सात ते दहा दिवस उलटून गेले, तर थोडे वाकडे दिसत असूनही बहुतेक वेळा ते ओढून बसवण्याचा प्रयत्न करत नाहीत, कारण सांधू लागलेली पट्टी जोर लावून पुन्हा उकलली की वाढणाऱ्या पेशींचा थरच फाटतो आणि वाढ थांबण्याचा धोका वाढतो. मोडल्यापेक्षा ओढल्याने अधिक नुकसान होण्याची ही वेळ असते. तुमचा मुलगा आज नेमका तिथे आहे. तेराव्या-चौदाव्या दिवशी, भूल न देता, दोन माणसांनी धरून हात ओढणे हे त्याच्या मनगटाचे आज होऊ शकेल असे सर्वांत मोठे नुकसान आहे.

त्यात बांबूच्या कामट्या घट्ट बांधल्या तर वेगळेच संकट उभे राहते. सुजलेल्या हातावर आवळून बांधले, की रक्त अडते आणि काही तासांत स्नायू मरू लागतात. हे प्लास्टरच्या बाबतीतही लक्षात ठेवा. बोटे पांढरी, निळी किंवा गार पडली, मुंग्या येऊन बधिर झाली, बोटे हलक्या हाताने सरळ करताना असह्य कळ आली, किंवा गोळी देऊनही वेदना वाढतच गेली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी मुलाला दवाखान्यात न्या. सकाळपर्यंत थांबू नका. एरवी पहिले काही दिवस हात उशीवर उंच ठेवा, बोटे दिवसातून अनेकदा हलवायला लावा, प्लास्टर ओले होऊ देऊ नका आणि आतून खाज आली म्हणून त्यात काडी किंवा विणायची सुई घालू देऊ नका.

तीन आठवड्यांनी प्लास्टर निघेल. पट्टीची दुखापत लवकर सांधते, त्यामुळे तेव्हा मुलगा ‘आता काही दुखत नाही’ म्हणेल आणि दुसऱ्याच दिवशी तालमीत जायला निघेल. तिथे तुम्हाला ठाम राहावे लागेल. सांधणे वेगळे आणि खाली आपटण्याचा भार सोसणे वेगळे. पट्टीच्या जागी दाबून अजिबात दुखत नाही, मनगट दुसऱ्या हाताइतकेच सर्व दिशांना वळते आणि मुठीची पकड दोन्ही हातांची जवळपास सारखी आहे, या तिन्ही गोष्टी डॉक्टरांनी तपासून होकार द्यावा आणि मगच तो मातीत किंवा मॅटवर उतरावा. प्लास्टर निघाल्यापासून याला सहसा आणखी तीन-चार आठवडे लागतात. सुरुवात पकडीच्या व्यायामाने करावी, मग हलके वजन, मग जोर, मग दोर चढणे आणि सर्वांत शेवटी खडाखडी, म्हणजे जोडीदाराशी झटापट. तोवर त्याला घरी बसवून ठेवण्याची गरज नाही. सूज उतरून बोटे मोकळी हलू लागली, की डॉक्टरांना विचारून बैठका, पोटाचे आणि कमरेचे व्यायाम करता येतील. हातावर भार येईल किंवा पडण्याची भीती असेल असे काही करू नये. तालमीच्या कट्ट्यावर बसून त्याने जोडीदारांच्या लढती पाहाव्यात आणि वस्तादांनी त्याला चुका दाखवून द्याव्यात. दुखापतीत तालमीतून हाकलल्यासारखे वाटलेले मूल पुढच्या वेळी दुखणे लपवते.

एक गोष्ट कोणत्याही परिस्थितीत होऊ देऊ नका. वेदना मारणारी गोळी किंवा इंजेक्शन देऊन त्याला लढतीत उतरवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो कितीही जवळच्या माणसाचा असला तरी नाकारा. डॉक्टरांनी लिहून दिलेली साधी गोळी घरी दुखण्यावर घेणे ठीक आहे. वेदना झाकून लढणे म्हणजे पट्टीला वाचवणारी एकमेव सूचना बंद करणे होय.

आता पुढच्या वर्षभराच्या तपासण्यांचा अर्थ सांगतो, म्हणजे त्या कंटाळवाण्या वाटणार नाहीत. दुखापतीच्या दिवसांत हाडाची वाढ थोडी मंदावते आणि पुन्हा सुरू होताना मागे एक बारीक पांढरी आडवी रेघ सोडते. सहा महिन्यांनी काढलेल्या फिल्मवर ती रेघ पट्टीपासून दूर सरकलेली आणि पट्टीला समांतर दिसली, तर सर्व बाजूंनी वाढ सारखी चालू आहे असे समजायचे. ती एका बाजूला तिरकी होऊन पट्टीला जाऊन मिळाली असेल, तर त्या जागी पट्टीच्या आरपार हाडाचा पूल बनला आहे आणि तिथे वाढ अडली आहे. असा पूल पट्टीच्या निम्म्याहून लहान भागात असेल आणि निदान दोन वर्षांची वाढ शिल्लक असेल, तर शस्त्रक्रियेने तो कोरून काढून मधल्या जागेत चरबीचा तुकडा ठेवतात आणि वाढ पुन्हा सुरू होऊ शकते. वाढ संपत आल्यावर पूल सापडला, तर हा मार्ग बंद होतो आणि पुढे हाड कापून सरळ करणे किंवा त्याची लांबी वाढवणे अशा मोठ्या शस्त्रक्रियाच उरतात. मनगटात अंगठ्याकडचे हाड थांबले आणि करंगळीकडचे वाढत राहिले, तर ते दुसरे हाड लांब पडून मनगट एका बाजूला कलते आणि पकड दुखू लागते; कुस्तीगिराच्या दृष्टीने हे फार वाईट. तुमच्या मुलाच्या मनगटाची तीन-चार वर्षांची वाढ अजून बाकी आहे आणि हे हाड वर्षाला जवळजवळ एक सेंटिमीटर वाढते, म्हणून तपासण्या चुकवू नका. मनगटाच्या एक्स-रेतील किरणांची मात्रा अत्यंत कमी असते, त्याची धास्ती नको. खर्चाची अडचण असेल तर सांगली आणि मिरजेच्या शासकीय रुग्णालयांतील अस्थिरोग विभागातही या तपासण्या होऊ शकतात. एमआरआय मात्र डॉक्टरांनी कारण सांगितल्याशिवाय हौसेने करून घेऊ नका.

स्पर्धेचे दुःख मी समजू शकतो. कुंडलचे कुस्ती मैदान ज्या तालुक्यात भरते, तिथल्या मुलाला एक हंगाम हुकणे म्हणजे काय वाटत असेल, ते वेगळे सांगायला नको. तरीही यजमानांपुढे एक हिशेब ठेवा. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले तेव्हा २२ वर्षांचे होते आणि १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवले तेव्हा २६ वर्षांचे. तुमचा मुलगा १३ वर्षांचा आहे. ज्या वयात कुस्ती खऱ्या अर्थाने फळाला येते ते अजून नऊ-दहा वर्षे पुढे आहे, आणि तोपर्यंत त्याला दोन सारख्या लांबीचे, सारख्या ताकदीचे हात हवेत.

रात्रीचे जेवण टाळण्याबद्दल तुम्ही सहज ओघात लिहिले आहे, पण मला ते मनगटाइतकेच खटकले. वाढीच्या वयात शरीराला रोज लागते तेवढे अन्न मिळाले नाही, की शरीर सर्वांत आधी वाढीवरचा खर्च कमी करते. खालच्या वजन गटात बसवण्यासाठी १३ वर्षांच्या मुलाला उपाशी किंवा तहानलेला ठेवणे मला मान्य नाही. तो वाढतो आहे, वजन वाढणारच, त्याला वरच्या गटात लढू द्या. सध्या त्याला दूध, दही, अंडी, डाळी, भाकरी पोटभर द्या. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, तेव्हा सकाळी नाचणीची आंबील जरूर द्या. सकाळ-दुपारचे थोडे ऊन अंगावर घेऊ द्या. हाड लवकर जुळावे म्हणून जाहिरातीतली पावडर विकत घेण्याची गरज नाही.

वस्तादांशी बोलताना मालीशचा विषय दोष म्हणून काढू नका. त्यांनी ते मायेने केले आणि पहिल्या डॉक्टरांनी मुरगळल्याचे सांगितल्यावरच केले. शक्य असेल तर पुढच्या तपासणीला यजमानांबरोबर वस्तादांनाही घेऊन जा आणि डॉक्टरांना दोन्ही फिल्म शेजारी शेजारी उजेडात धरून दाखवायला सांगा. ज्यांच्या हाताखाली गावातील वीस-पंचवीस पोरे दररोज पडतात आणि उठतात, त्या माणसाने ती काळी रेघ एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, तर तुमच्याच नव्हे तर इतरांच्या मुलांचेही भले होईल. मुलाशी मात्र तुम्ही स्वतः बोला. दोन दिवस कळवळत असताना तो मालीश का करून घेत राहिला आणि बादली उचलता येत नाही हे त्याने पहिल्यांदा कोणाला सांगितले, ते त्याला शांतपणे विचारा. दुखते म्हणणारा पैलवान कच्चा, अशी समजूत त्याच्या मनात असेल, तर ती काढण्याची वेळ हीच आहे, आणि हे त्याने वडिलांच्या तोंडून ऐकले तर अधिक चांगले.

धाकटीच्या टाचेबद्दल फार काळजी करू नका. ८ ते १४ वर्षांच्या धावपळीच्या खेळातील मुलांमध्ये टाचेच्या मागच्या भागातील वाढीची पट्टी पोटरीच्या स्नायूंच्या सततच्या ओढीने दुखावते. सराव झाल्यावर दुखते, टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबली की दुखते आणि विश्रांतीने बरे वाटते, ही तिची खूण. यात हाड मोडलेले नसते आणि पायाची वाढ थांबत नाही. काही आठवडे उड्या आणि पळणे कमी करावे, कडक जमिनीवर अनवाणी सराव टाळावा, टाचेखाली मऊ गादी असलेले बूट घालावेत, सरावानंतर बर्फ कापडात गुंडाळून शेकावे आणि पोटऱ्या ताणण्याचे व्यायाम रोज करावेत. गुडघ्याच्या वाटीखालचे हाड वर येऊन दुखणे हाही याच जातीचा त्रास, तो तिला पुढे एक-दोन वर्षांत झाला तर घाबरू नका. पण तिला किंवा तिच्या भावाला, पडल्याचे कारण नसताना, लंगडत चालावे लागले, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे सुरू झाले, ताप आणि सूज बरोबर आली, किंवा गुडघा दुखतो म्हणत असताना मांडी आत वळवता येईना, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि खुब्याचाही एक्स-रे काढायला सांगा. किशोरवयात खुब्यातील पट्टी सरकली की दुखणे बऱ्याचदा गुडघ्यात जाणवते, सगळे गुडघाच तपासत राहतात आणि त्या पायावर चालत राहिल्याने खुबा अधिक सरकत जातो.

मुलाच्या दोन्ही फिल्म एका पाकिटात घालून वर दुखापतीची तारीख लिहून ठेवा आणि प्रत्येक तपासणीला तेच पाकीट घेऊन जा. सहाव्या महिन्यातील फिल्म याच दोन फिल्मांशी ताडून पाहायची आहे. त्या वेळी डॉक्टर काय म्हणाले, ते मला अवश्य कळवा.